हल्क सगळीकडं पाहुणाच का?

विश्रामबागची_ताई:

मंडळी, सुपरहिरोंचे जाणकार कुणी असतील तर मदत करा. गणपतीच्या सुट्टीत धाकट्या भावाबरोबर मार्व्हलचे सगळे सिनेमे क्रमानं बघायचा घाट घातला. तो आठवीत आहे. घरात टीव्ही एक, आजीच्या मालिका साडेसातपासून, त्यामुळं आमचा खेळ दुपारी नाहीतर रात्री दहानंतर. पोरानं वही घातली आहे. पात्राचं नाव, नट, कुठल्या सिनेमात आलं, मेलं की जिवंत, असे रकाने आखलेत. गणिताची वही एवढी नीट असती तर आईनं पेढे वाटले असते.

आता त्या वहीतनं प्रश्न निघायला लागलेत. हल्कचा २००८ ला एक सिनेमा येऊन गेला, त्यानंतर तो दुसऱ्यांच्याच सिनेमात दिसतो. आयर्न मॅनचे तीन झाले, थॉरचे चार, मग हल्कनं कुणाचं काय घोडं मारलंय? दुसरं, तो पांढऱ्या केसांचा वेगानं पळणारा, क्विकसिल्व्हर. एक्स-मेनमध्ये तो आईच्या घरात तळघरात राहतो आणि स्वयंपाकघरातल्या मारामारीत सगळ्यांच्या टोप्या उडवत फिरतो. पुढच्याच वर्षी अ‍ॅव्हेंजर्समध्ये तोच पोरगा दुसऱ्या देशातला, नट दुसरा, आणि शेवटी गोळ्या लागून मेला. वहीत ‘मेलं की जिवंत’ या रकान्यात काय लिहायचं, यावर अर्धा तास भांडण झालं.

मी म्हटलं, कंपन्यांचं काहीतरी हक्कांचं भांडण आहे. तर म्हणे, “पात्र मार्व्हलचंच ना? मग स्वतःचंच पात्र घ्यायला कुणाला विचारायचं?” मी बीकॉम. गप्प बसले.

कृष्णाकाठ:

पैसा. दुसरं काय असणार ताई?

नव्वदच्या दशकात कॉमिक्सचा फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलनं दिवाळखोरी जाहीर केली. त्याच्या आधीपासूनच एकेक पात्राचे सिनेमाचे हक्क जमेल त्या सिनेमा कंपनीला, जमेल त्या भावात देऊन टाकले होते. एक्स-मेन आणि डेअरडेव्हिल फॉक्सकडं, फँटास्टिक फोर आधी एका जर्मन निर्मात्याकडं आणि पुढं फॉक्सकडं, हल्क युनिव्हर्सलकडं, ब्लेड न्यू लाइनकडं, स्पायडरमॅन बऱ्याच कोर्टकचेऱ्या होऊन १९९९ ला सोनीकडं. घरात पैसा नसला की माणूस आधी भांडी काढतो, मग दागिने. यांनी दागिने आधी काढले.

दस्तलेखक_तासगाव:

ताई, मी तासगावात दस्त लिहितो. तेवीस वर्षं झाली. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर टेबल आहे, पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि कायम कागद अडकणारा प्रिंटर. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, काय म्हणाल ते. या सिनेमांचं वेड मला माझ्या मुलानं लावलं. तो पुण्याला गेला, वेड माझ्याकडं राहिलं. त्यामुळं मला हे सगळे सिनेमे दस्त म्हणूनच दिसतात, राग मानू नका.

पहिली गोष्ट. मार्व्हलनं पात्रं ‘विकली’ असं सगळे म्हणतात, ते चूक. विकली असती तर खरेदीखत झालं असतं आणि तुमच्या भावाचा प्रश्नच उरला नसता. झालं ते खंडपत्र. सातबाऱ्यावर नाव मार्व्हलचंच, पण कसायची मुभा दुसऱ्याला, आणि तीही एकाच पिकाची, म्हणजे सिनेमाची. कॉमिक्स छापायचा हक्क कुठंच गेला नाही. म्हणून दुकानात एका पुस्तकात स्पायडरमॅन, वोल्व्हरिन आणि कॅप्टन अमेरिका एकत्र मारामारी करत होते आणि पडद्यावर मात्र तिघांना एकमेकांची ओळखसुद्धा नव्हती.

आणि खंडपत्रात एक अट कायम असते : जमीन पडीक ठेवायची नाही. ठरल्या मुदतीत पीक घेतलं नाही तर ताबा मालकाकडं परत. माझ्या मते निम्मे सुपरहिरो सिनेमे या एका अटीनं काढलेत. ते दिग्दर्शकाच्या नावावर आहेत एवढंच.

इथं घरचं सांगतो. आमचे एक चुलते पुण्याला नोकरीला होते. माळावर दोन एकर कोरडवाहू तुकडा, त्यावर भाऊबंदांशी वाद. पीकपाहणीला ज्याचं नाव त्याची जमीन, अशी तेव्हा गावात सगळ्यांची समजूत. (तसं नसतं. रोज चार जणांना समजावतो, पटत एकालाही नाही.) तर हे चुलते दर पावसाळ्यात शनिवारी एसटीनं यायचे, भाड्याची बैलजोडी लावायचे, हुलगा फेकायचे आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. खत नाही, भांगलण नाही. उगवेल ते गावातल्या शेळ्या खायच्या. पण तलाठ्याच्या वहीत दरवर्षी ओळ पडायची : हुलगा, दोन एकर, कसणार स्वतः. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, बियाण्याची पिशवी धरून त्यांच्या मागं चालायचो. एकदा विचारलं, “तात्या, काढायला कधी येणार?” तात्या म्हणाले, “काढायला कोण पेरतंय?”

आता फँटास्टिक फोर ऐका. त्याचे हक्क १९८६ ला बर्न्ड आयशिंगर या जर्मन निर्मात्यानं घेतले. मुदत १९९२ च्या डिसेंबरअखेर संपणार, आणि तोवर सिनेमाचा पत्ता नाही. मग स्वस्तात सिनेमे काढण्यात हयात घालवलेल्या रॉजर कॉर्मनला हाताशी धरलं आणि साधारण दहा लाख डॉलरमध्ये, अगदी वर्ष संपता संपता, चित्रीकरण सुरू केलं. हॉलिवूडच्या मानानं दहा लाख म्हणजे भाड्याची बैलजोडीच. सिनेमा पुरा झाला. नटांनी आपल्या खिशातले पैसे घालून जाहिरात केली, बिचाऱ्यांना वाटलं आपलं नशीब उघडलं. तो थिएटरात कधी लागलाच नाही. चोरून केलेल्या कॅसेटी तेवढ्या फिरल्या. पण हक्क राहिले, आणि २००५ ला फॉक्सनं त्याच जमिनीत मोठं पीक घेतलं. हा किस्सा मुलानं सांगितला तेव्हा मला कॉर्मन नाही, पिशवी धरलेला मीच दिसलो.

स्पायडरमॅनचं तेच, फक्त बी भारी. सोनीच्या करारातली मुदत कागदपत्रं फुटली तेव्हा बाहेर आली : आधीचा सिनेमा लागल्यापासून ३ वर्षं ९ महिन्यांत पुढच्याचं काम सुरू झालं पाहिजे आणि ५ वर्षं ९ महिन्यांत तो लागला पाहिजे. आता बोटं मोजा. सॅम रेमीचा तिसरा सिनेमा मे २००७ ला आला. चौथा जुळेना, जानेवारी २०१० ला मोडला. काम सुरू करायची शेवटची तारीख पडते फेब्रुवारी २०११. नवा दिग्दर्शक, नवा पोरगा घेऊन चित्रीकरण सुरू झालं डिसेंबर २०१० ला, सिनेमा लागला जुलै २०१२ ला. म्हणून स्पायडरमॅनच्या बेनकाकांना दहा वर्षांत दोनदा मरावं लागलं. गोष्टीची मागणी होती का? अजिबात नाही. कलमाची होती.

त्या कागदांतलं माझं लाडकं कलम वेगळंच आहे. कार्टून मालिकेचा एक भाग ४४ मिनिटांपर्यंत असेल तर हक्क मार्व्हलचा, त्याच्यावर गेला तर सोनीचा. चव्वेचाळीस! पंचेचाळिसाव्या मिनिटाला बांध. मी असा बांध घातला असता तर साहेबांनी दस्त तोंडावर फेकला असता, पण लिहिणाऱ्याला मात्र सलाम.

आता तुमचा हल्क. युनिव्हर्सलनं २००३ ला एक सिनेमा काढला, पुढचा काही काढेनात. त्यामुळं बनवायचा हक्क मार्व्हलकडं परत आला, म्हणून २००८ चा सिनेमा मार्व्हलनं केला. पण हल्कच्या स्वतःच्या सिनेमाचं वितरण युनिव्हर्सलकडंच राहिलं. म्हणजे जमीन परत आली, वाट मात्र शेजाऱ्याची. स्वतःच्या रानात ऊस वाढवायचा आणि ट्रॅक्टर बाहेर काढताना दरवेळी शेजाऱ्याच्या हातावर टेकवायचं, हे कोण करेल? त्यापेक्षा चार मोळ्या दुसऱ्याच्या ट्रॉलीत टाकायच्या. २०१७ च्या थॉरमध्ये हल्क परग्रहावर आखाड्यात लढतो ना? ती कॉमिक्समधली हल्कची स्वतःची मोठी गोष्ट. ट्रॉली थॉरची.

आणि क्विकसिल्व्हर म्हणजे सामाईक विहीर. कॉमिक्समध्ये तो आणि त्याची बहीण वांडा १९६४ ला एक्स-मेनच्या पुस्तकात आले, खलनायक मॅग्निटोच्या टोळीतनं. वर्षभरात ते अ‍ॅव्हेंजर्समध्ये गेले. मग हे दोघं कुणाच्या गटातले? दोन्हीकडच्या वकिलांनी सांगितलं, दोन्हीकडच्या. पाणी दोघांनी उपसायचं, पण एकानं दुसऱ्याच्या पाटाला हात लावायचा नाही. फॉक्सनं अ‍ॅव्हेंजर्सचं नाव घ्यायचं नाही, मार्व्हलनं ‘म्युटंट’, म्हणजे जन्मजात शक्तीवाला, हा शब्द काढायचा नाही आणि बापाचं नाव मॅग्निटो म्हणायचं नाही. म्हणून २०१४ ला फॉक्सकडं तो हळूच म्हणतो, की लोखंड हलवणारा एक माणूस माझ्या आईच्या ओळखीचा होता. आणि २०१५ ला मार्व्हलकडं त्याला शक्ती मिळते ती कुठल्याशा प्रयोगशाळेत, जन्मानं नाही. भावाला सांगा, रकान्यात लिही : एका पाळीत मेला, दुसऱ्या पाळीत जिवंत.

लांबलं. पण आयर्न मॅनचं राहिलं, आणि सगळ्यात मजा त्यातच आहे. चांगली काळी रानं खंडानं गेली, हातात उरलं माळरान. २००५ ला मार्व्हलनं मेरिल लिंचकडनं ५२ कोटी ५० लाख डॉलरची उचल घेतली आणि त्यापोटी १० मालमत्तांचे सिनेमाहक्क गहाण टाकले. अ‍ॅव्हेंजर्स, कॅप्टन अमेरिका, अँट-मॅन, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज, शांग-ची वगैरे. तेव्हा यातल्या निम्म्यांना कॉमिक्सच्या दुकानाबाहेर कोण ओळखत होतं? त्याच सुमाराला न्यू लाइनकडं पडून राहिलेला आयर्न मॅन परत आला. त्याच्यापासून सुरुवात केली. स्पायडरमॅन हाताशी असता तर रॉबर्ट डाउनी ज्युनियरला त्या लोखंडी सुटात कुणी उभं केलं असतं, मला नाही वाटत. आमच्याकडं माळावरच द्राक्षं आली, तसं झालं.

पोवईनाका_सातारा:

तासगावकर, एक नंबर लिहिलंय, पण तुम्ही दस्ताला जास्त मान देताय. हातात हातोडा आला की सगळीकडं खिळेच दिसतात, तसं.

डीसीचं, म्हणजे मार्व्हलच्या समोरच्या कॉमिक्स कंपनीचं बघा. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन सगळे एकाच घरात, वॉर्नरकडं, तेही पन्नासावर वर्षं. भाऊबंद नाहीत, वाट अडवणारा नाही, मुदतीची टांगती तलवार नाही. तरी २०१७ चा जस्टिस लीग अर्धा एकानं, अर्धा दुसऱ्यानं काढला आणि २०२१ ला पहिल्याचा चार तासांचा पुन्हा वेगळा दाखवला. कोरा सातबारा असून शेत तसंच.

दुसरं, वाटण्या झाल्या म्हणून चार चुली पेटल्या, हे कुणी बोलत नाही. फॉक्सकडं एक्स-मेन नसते तर २०१७ चा लोगन झाला असता? म्हातारा, खोकणारा, दारू पिणारा वोल्व्हरिन? मार्व्हलची मालकीण डिस्ने, तिनं त्याला आधी आंघोळ घातली असती. २०१८ चा कार्टूनमधला स्पायडरमॅन सोनीनंच काढला, त्याला ऑस्कर मिळालं. आता मार्च २०१९ पासून फॉक्सच डिस्नेच्या पोटात गेलंय, ७१ अब्ज डॉलरला. सगळे एकत्र आले. पुढं काय झालं? २०२४ ला डेडपूल आणि वोल्व्हरिन आले, आणि निम्मा सिनेमा याच सौद्यावरचे विनोद.

सोनीला मात्र मी माफ करत नाही. मॉर्बियस, मॅडम वेब, क्रेव्हन, सगळी स्पायडरमॅनच्या गोष्टीतली बाजूची माणसं. घरचा नवरदेव मार्व्हलकडं उसना आणि इथं नुसतंच वऱ्हाड नाचतंय.

दस्तलेखक_तासगाव:

पोवईनाका, लोगनचं मान्य. मी तो दोनदा बघितलाय, दुसऱ्यांदा एकट्यानं. वऱ्हाडाचंही मान्य. फक्त ते वऱ्हाडसुद्धा दस्तातनंच आलंय बघा. सोनीच्या वाट्याला नुसता स्पायडरमॅन नाही, त्याच्या गोष्टीतली शेकडो माणसं आली. नवरदेव २०१५ च्या समजुतीनं मार्व्हलच्या लोकांनी बनवायचा, पैसे सोनीनं घालायचे, गल्ला सोनीनं न्यायचा आणि मार्व्हलला तो अ‍ॅव्हेंजर्समध्ये वापरायला मिळायचा. खेळण्यांचा वाटा डिस्नेनं २०११ लाच सोडवून घेतला होता. ऑगस्ट २०१९ ला हिश्शावरनं हे मोडलं आणि महिनाभरात पुन्हा जुळलं. तेवढ्या महिन्यात माझ्या मुलाचे पुण्याहून जेवढे फोन आले तेवढे त्याच्या परीक्षेत आले नव्हते.

आणि डीसीचीही एक गाठ आहे. साठच्या दशकातली ती बॅटमॅन मालिका, ढिशुम-ढुशुम अक्षरं पडद्यावर येणारी, ती बनवली फॉक्सनं, पात्र वॉर्नरचं. त्या घोळात ती घरी बघायला विकत मिळायला २०१४ उजाडलं. शेवटचा भाग १९६८ चा.

मिरजेची_मावशी:

तुमचे ते आयर्न मॅन मला कळत नाहीत, पण दोन क्विकसिल्व्हरवरनं आठवलं. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स यायची मराठीत, त्यात वेताळ. कवटीची अंगठी, गुहा, डेव्हिल लांडगा. वडील रेल्वेत होते, मिरज स्टेशनच्या स्टॉलवरनं अंक आणायचे आणि आम्हा चौघा भावंडांत पहिल्यांदा कोण वाचणार यावरनं मारामारी. १९९० ला इंद्रजाल बंद पडलं. नंतर भाचा डायमंड कॉमिक्स वाचायला लागला तर त्यात तसाच कपडा, तीच कवटी, नाव फँटम. मी त्याला ठणकावून सांगितलं, हा वेताळाची नक्कल करणारा कुणीतरी तोतया आहे. कितीतरी वर्षांनी कळलं की मूळ नाव फँटमच, अमेरिकेतल्या ली फॉकनं १९३६ ला काढलेला, आणि प्रकाशक बदलला म्हणून नाव बदललं. भाच्याची माफी अजून मागितलेली नाही.

कृष्णाकाठ:

मावशी, अंक असतील तर रद्दीत घालू नका. माझ्याकडं द्या.

मिरजेची_मावशी:

२००५ च्या पुरात गेले, बाळा. माळ्यावर ठेवायचे सोडून पलंगाखाली ठेवले होते.

दस्तलेखक_तासगाव:

ताई, भावासाठी एक किस्सा राहिला. फॉक्सवाल्यांना २०१६ च्या डेडपूलमध्ये निगासोनिक नावाची पोरगी घ्यायची होती, पण कॉमिक्समधली तिची शक्ती बदलून. हक्क फॉक्सकडं, तरी शक्ती बदलायला मूळ मालकाची संमती लागणार. मार्व्हलला त्याच वेळी इगो नावाचा ग्रह पाहिजे होता, तो अडकलेला फॉक्सकडं. दिग्दर्शक जेम्स गननं तर मार्व्हलच्या गार्डियन्स सिनेमाच्या दुसऱ्या भागाची गोष्ट त्याच्यावरच बेतून ठेवली होती, इगो आपल्या हातात नाही हे माहीत नसताना. मग अदलाबदल. पोरीची शक्ती तुम्ही बदला, ग्रह आम्हाला द्या. आमच्याकडं बांधाला बांध लागून असलेल्या तुकड्यांची अशी अदलाबदल होते, पण एका पोरीच्या बदल्यात अख्खा ग्रह मी अजून लिहिलेला नाही.

विश्रामबागची_ताई:

काका, मावशी, सगळ्यांचे आभार. रात्री जेवताना त्याला वाचून दाखवलं. हुलग्याच्या गोष्टीवर आजी एवढी हसली की मालिका बघायची विसरली, कारण असाच एक हुलगा आमच्या आजोबांच्या भावानंही पेरला होता म्हणे, त्याचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. वहीत नवीन रकाना पडलाय : ‘खंडकरी’. हल्कच्या पुढं लिहिलंय ‘वाट युनिव्हर्सलची’. क्विकसिल्व्हरच्या पुढं ‘पाळीनुसार’.

आता त्याचा पुढचा प्रश्न. सुपरमॅन मुळात ज्या दोन पोरांनी काढला, त्यांना काय मिळालं? तोही खंडानंच दिला होता का?

दस्तलेखक_तासगाव:

नाही, ते खरेदीखत. जेरी सीगल आणि जो शुस्टर, साल १९३८, रक्कम १३० डॉलर, दोघांत मिळून. कायमचं. पुढं कोर्टात फेऱ्या मारण्यात आयुष्य गेलं. १९७५ ला कंपनीनं दोघांना वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन लावली आणि निर्माते म्हणून त्यांची नावं परत छापायला सुरुवात केली. बाकीचं रात्री लिहितो ताई, आत्ता पार्टी आलीय. वाटणीपत्र आहे, सात भाऊ, विहीर एक.